मागच्या डाव्या कोपऱ्यातली टिमकी

कुणी कुणाला फसवलं ते आधीच सांगून टाकतो. विलायतेतल्या एका रेकॉर्ड कंपनीने मला फसवलं. माझ्याकडे त्यांची जी तबकडी होती तिच्यात एक वाद्य होतं. पुढे त्याच तबकडीची त्यांनी नवी, चहूबाजूंनी ऐकू येणारी सुधारलेली आवृत्ती काढली आणि त्यातून ते वाद्य गायब केलं. विचारलं तर म्हणतात, असं वाद्य आमच्याकडे कधी नव्हतंच. मी आयुष्यभर घासाघीस करून माल घेतला, पण असला व्यापारी पाहिला नाही... विकलेल्या मालातला एक भाग काढून घ्यायचा आणि वर म्हणायचं, तो आम्ही दिलाच नव्हता.

या सदरात लोक चकवे, हडळी, पिंपळाखालच्या बायका असलं लिहितात. मी वाचतो आणि पान उलटतो. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव सोडले, आणि देवांबरोबर भुतंही सोडली. अर्धवट काम आम्ही करत नाही. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि कान हाच माझा धंदा होता.

ठिकाण महाड. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. बाजारपेठेतून चवदार तळ्याकडे जाताना डाव्या हाताला माझं दुकान होतं — धर्मा साउंड सर्व्हिस. धर्मा म्हणजे मीच. सोळाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या सर्व्हिसमध्ये बांबूवर चढून भोंगे बांधायला लागलो, त्याच्याशी भांडून बाहेर पडलो, आणि एका जळक्या अँप्लिफायरवर स्वतःचा धंदा उभा केला. ज्या वर्षांची ही गोष्ट आहे तेव्हा माझ्याकडे बारा भोंगे होते. महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुक्यांत मोठी सभा असो नाही तर लग्न, आधी मला विचारत. माझ्या डोक्याबद्दलही लोक बोलायचे. एका पुढाऱ्याने माइकवर सारखं बोट आपटलं म्हणून मी भर सभेत त्याची लाइन कापली होती, असं सांगतात. खरं आहे ते.

दासगावचा हसनभाई बोटीवर नोकरीला होता. एका सुट्टीत तो जपानी सेट घेऊन आला. एक मोठा रिसीव्हर, एक तबकडी लावायचं यंत्र आणि स्पीकरचे चार लाकडी डबे. मी बघायला गेलो तो विकत घ्यायचं ठरवूनच, पण तोंडावर तसं दाखवलं नाही.

"हसनभाई, चार डबे कशाला? माणसाला कान दोन."

"म्हणून तर तुझ्यापर्यंत आला, शेट. चार कानांचं गिऱ्हाईक भेटलं असतं तर बंदरावरच नसता विकला?"

तीन दिवस मी दासगावच्या फेऱ्या मारल्या. पहिल्या दिवशी रंग उडालाय म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, हा एकशेदहा व्होल्टवर चालतो, ट्रान्सफॉर्मर लागेल.

"मग ट्रान्सफॉर्मर काय मी बोटीमागून पोहत आणू?" हसनभाई म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सौदा पटला. त्याच्या बहिणीच्या लग्नाला माझे भोंगे मोफत, असंही ठरलं. उठता उठता मी कोपऱ्यातल्या पाच इंग्रजी तबकड्यांवर हात ठेवला आणि म्हटलं, "ह्या वरकड." तो हात जोडून म्हणाला, "ने बाबा, घरातली मांजर पण ने."

त्या पाचांतलीच ती एक. पिवळ्या शेतात एक शिडी उभी, कशालाच न टेकलेली, असं तिच्या कव्हरवर चित्र होतं. मागे लांब केसांचे चार जण. कोपऱ्यात चार छोटी वर्तुळं छापलेली. तबकडीचं नाव लिहीत नाही. वकिलाने लिहू नका म्हणून सांगितलंय.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती लपवून पुढचं कळणार नाही. आमच्या धंद्यात चार भोंगे म्हणजे मांडवाचे चार कोपरे, आणि चारही भोंग्यांतून एकच आवाज. मी हा नवा सेट पहिल्यांदा लावला तो समाजमंदिरात, एका लग्नात. नवरा मुंबईला कारखान्यात होता, त्याला इंग्लिश बाजा हवा होता. मी ती शिडीवाली तबकडी चढवली, मोठ्या ऐटीत. दोन मिनिटांत चारही बाजूंनी तक्रारी. दाराशी बसलेले म्हणतात, नुसतं ट्यांव ट्यांव चाललंय. जेवणाच्या बाजूला नुसता ढोल. तिसऱ्या कोपऱ्यात पेटीसारखं काहीतरी लांबलचक. आणि गाणारा फक्त बायकांच्या बाजूला.

नवऱ्याचा मामा हॉलच्या या टोकाहून ओरडला, "धर्मा, तुझा गवई बायकांतच का रं बसलाय? त्याला हिकडं पाठव."

हॉलभर हशा झाला. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दासगाव गाठलं. हसनभाई चहा पीत होता.

"तीन डबे खोटे दिलेस मला," मी दारातूनच म्हटलं. "एकात पुरं गाणं वाजत नाही."

त्याने आधी मला हसून घेतलं. मग घरातून आणखी तीन कप मागवले आणि जमिनीवर चार कोपरे करून ठेवले. "हा गाणारा. ही गिटार. हा ढोल, मागं. मागंच डावीकडं हा पेटीवाला. आणि हा तू." मधोमध त्याने बिस्किट ठेवलं. "मधे बसायचं असतं रे. चौघे तुझ्याभोवती बसून वाजवतात. म्हणून तर चार."

"मधे लग्नात कोण असतं? नवरा-नवरी."

"मग त्यांना बरोबर ऐकू आलं असेल."

ते खरं होतं. मागाहून कळलं, नवरीने पाटावर बसल्या बसल्या करवलीला विचारलं होतं, माझ्याभोवती कोण फिरतंय गो?

मी दुकानामागचं गोदाम रिकामं केलं. भात-गिरणीतून जुनी पोती आणून चारही भिंतींना ठोकली. सलूनवाल्याने टाकून दिलेली फिरती खुर्ची मधोमध ठेवली आणि वायरने मोजून प्रत्येक डबा तिच्यापासून सारख्या अंतरावर मांडला. मग तबकडी लावून बसलो. आवाज समोरून येतो, ही माझी पंधरा वर्षांची समजूत त्या खुर्चीत मोडली. गिटार समोरच्या उजव्या कोपऱ्यातून निघाली आणि माझ्या मानेमागून पलीकडे गेली. मी वळून बघितलं. स्वतःच्या गोदामात, स्वतः लावलेल्या वायरी असताना, मी वळून बघितलं.

पनवेल सोडलं की खेडपर्यंत असा सेट दुसऱ्या कुणाकडे नव्हता. असेल तर त्याने दाखवावा. रविवारी सकाळी कोर्टातले कारकून, हायस्कुलातले मास्तर, डेपोतले ड्रायव्हर यायचे. एकेकाला खुर्चीत बसवायचो, एक बाजू ऐकवायचो. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. उतरताना प्रत्येक जण मागे वळून डब्यांकडे बघायचा.

शिडीवाल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं लांब आहे. मधे गाणारा थांबतो आणि बराच वेळ नुसती वाद्यंच वाजतात. तिथे, मागच्या डाव्या कोपऱ्यातून, पेटीच्या आवाजाखालून, मला टिमकी ऐकू आली.

टिमकी म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्नाला खालूबाजा असतो. सनई, ढोल आणि टिमकी. टिमकी वाटीच्या आकाराची, कमरेला बांधायची, दोन बारीक काड्यांनी वाजवायची. माझा बाप सोनू हा आमच्या पंचक्रोशीतला टिमकीवाला. बा गावोगावच्या लग्नांत वाजवायचा. वरातीत सगळ्यांच्या पुढे, मांडवात मात्र पाऊल नाही. मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं, आणि सगळ्यांची जेवणं उरकली की लांबून वाढलेलं खायचं. तेव्हाची रीत तशी होती.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांना तेव्हा रस्ते नव्हते. नवरीची डोली चौघे जण खांद्यावरून चढवायचे. चढावर चौघांनी एकदम खांदा बदलायला हवा, एकाने आधी बदलला तर डोली कलते. म्हणून बाने एक युक्ती काढली होती. दर आठव्या आवर्तनाला शेवटचा ठोका तो कातड्यावर मारत नसे. काडीवर काडी मारायचा — टक. त्या टकवर चौघे खांदा बदलायचे. ही रीत बाची एकट्याची. दुसऱ्या कुठल्या टिमकीवाल्याकडे मी ती ऐकली नाही.

मी अकरा वर्षांचा असताना आमच्या वाडीने धम्म स्वीकारला आणि ठरवलं, यापुढे कुणाच्या दारात वाजवायचं नाही. हे ठरवायला सगळ्यांत आधी उठून उभा राहिला तो माझा बाप. दुसऱ्या दिवशी तो टिमकी घेऊन सावित्रीच्या काठाला निघाला. मी मागोमाग.

"बा, टाकू नको. तांब्याची हाय. इकू या."

"इकली तर दुसऱ्या कुणाच्या तरी कमरंला बसंल," बा म्हणाला, आणि त्याने ती पाण्यात सोडली.

त्यानंतर त्याने टेबलावर बोटसुद्धा वाजवलं नाही. बरोबर केलं त्याने, हे मला आता कळतं. पण ती टिमकी पुढे माझी व्हायची होती. मला तिचा हात शिकवायला तो त्या वर्षी सुरुवात करणार होता. मी वाजवण्यापासून तुटलो आणि वाजवणाऱ्या यंत्रांच्या मागे लागलो. बाची टिमकी आणखी एकदा ऐकायची, एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात घासाघीस करून मिळाली नव्हती.

आणि ती माझ्या गोदामात वाजत होती. तोच उतरता हात. तीच शेवटची टक, दर आठव्या आवर्तनाला. मी मोजलं. परत लावून मोजलं.

मी साउंडवाला आहे, हुरळून जात नाही. आधी सुई बदलली. तसंच. मग बाकीचे तीन डबे बंद करून तो मागचा डावा एकटा चालू ठेवला. नुसती पेटी, टिमकी नाही. चारही चालू केले की टिमकी हजर. बाकी चार तबकड्या त्याच जागी लावून बघितल्या. कशातच नाही. कोर्टातल्या कारकुनाला ऐकवलं तर तो म्हणाला, मागे बारीक टकटक आहे खरी. डेपोतल्या ड्रायव्हरला काहीच ऐकू आलं नाही, पण त्याचे कान इंजिनाने आधीच गेलेले.

हसनभाईला सांगितलं तर म्हणाला, "चार आवाज एकत्र झाले की पाचव्याचा भास होतो. मशिनचा गुण आहे तो."

"भास मोजून दर आठव्या आवर्तनाला टक मारतो?"

 मला वाटलं, इथेच थांबावं. इंग्रज वाजवणाऱ्यांतलाच एखादा असं वाजवत असेल, योगायोग म्हणू. पण मग धोंडूबाबा आला.

धोंडूबाबा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका कुणबी वाडीतला. सत्तरी ओलांडलेला. बाजाराच्या दिवशी सकाळी नाचणीचं पोतं खांद्यावर घेऊन माझ्याकडे आला, वाडीच्या कार्यक्रमाला भोंगे सांगायला. मी मोठ्या गिऱ्हाइकाला आधी गोदामात नेऊन सेट ऐकवायचो, म्हणजे पुढे भाव कमी करायला त्याची जीभ जड व्हायची. धोंडूबाबाला खुर्ची दाखवली.

"फिरतीय ही. पाडंल मला," म्हणून तो खुर्चीशेजारी उभाच राहिला, पोतं उजव्या खांद्यावर तसंच.

मी ते शेवटचं गाणं लावलं. सगळ्यांना तेच लावायचो. वाद्यं सुरू झाली, टिमकी आली, टक झाली... आणि धोंडूबाबाने पोतं डाव्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं, भरून आला असेल खांदा. आठ आवर्तनं झाली, टक. पोतं उजव्या खांद्यावर. तिसरी टक, परत डाव्या.

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. त्याआधी नाही.

"बाबा, ओझं खाली ठेवा की."

"ठेवतो ना, चढ सरला की," तो म्हणाला, समोर बघत. मग त्याचं त्यालाच कळलं. त्याने पोतं खाली टेकवलं, भिंतीपाशी गेला आणि भिंतीला ठोकलेलं एक पोतं उचलून मागे बघितलं.

"धर्मा, सोनूला कुठं लपवलास रं?"

"कोण सोनू?"

"तुजा बाप. आनि दुसरा कोन असा टक करतो? लग्नसराईत आमी चौघं त्याच्या मागनं चढलोय. म्हातारपनी पुन्ना वाजवायला लागला, तर सांगायचं नाय व्हय?"

धोंडूबाबाला मी त्या तबकडीबद्दल, त्या टकबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. आता तुम्ही सांगा. इंग्रजाला डोंगरावर डोली न्यायची असते का? त्याला खांदा बदलायचा असतो का? मग त्याने ती टक मारावी कशाला?

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. बा अंगणात सुंभ वळत बसला होता.

"बा, महाडला चल माझ्यासंगं."

"कशाला?"

"एक वाजप ऐकायचं हाय."

मला वाटलं होतं रागावेल. तो म्हणाला, "मी वाजवायचं सोडलं, ऐकायचं नाय सोडलं. चल."

सकाळी दहाच्या सुमाराला मी त्याला त्या खुर्चीत बसवलं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, हात त्यावर ठेवले. मी काहीच सांगितलं नाही. गाणं लावलं आणि भिंतीला टेकून त्याच्या हातांकडे बघत राहिलो. टिमकी आली तेव्हा त्याने मान थोडी डावीकडे वळवली, इतकंच. बोटं हलली नाहीत. गाणं संपलं, सुई आत लेबलाशी जाऊन खरखरत राहिली, तरी मी ती उचलायला गेलो नाही.

मग बा म्हणाला,

"तिसऱ्या टकला घाई करतो."

"काय?"

"तिसरी टक लवकर मारतो. एक मात्रा आधी. चढावर अशी टक आली तर मागच्यांचा पाय घसरंल." मग म्हणाला, "डावा हात मात्र चांगला हाय."

"बा, हा तूच हायस."

"मी हितं खुर्चीत बसलोय."

"मग तो कोन?"

"त्यालाच इचार." त्याने खुर्ची सावकाश फिरवली आणि एकेका डब्याकडे बघितलं. "हे बाकीचे कुठं बसल्यात?"

"गाणारा तिथं, गिटार तिथं, ढोल तिथं. पेटीवाला मागं."

"आनि हा?"

"पेटीवाल्याच्या बाजूला. त्याच कोपऱ्यात."

"आत?"

"आत."

"मांडवाच्या भाईर नाय."

"नाय, बा. आत."

त्याने खुर्ची त्या कोपऱ्याकडे फिरवली. मग टोपी डोक्यावर घातली.

"मंग वाजवू दे त्याला," तो म्हणाला. "चल, च्या पाज."

चहाच्या दुकानात तो लोकांना सांगत होता, हा माझा मुलगा, ह्याचा सेट बघा, असा कुठं नाय. माझ्या तोंडावर त्याने कधीच माझं कौतुक केलं नव्हतं. मी कपात बघत बसलो होतो.

इथपर्यंतचं कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे. आता पुढचं ऐका. बाला एसटीत बसवून मी दुकानात परत आलो आणि तीच तबकडी पुन्हा लावली. आपल्या बाने काढलेली चूक आपल्याला कळते का, एवढंच बघायचं होतं. पहिली टक, दुसरी टक... आणि तिसरी जागेवर आली.

मी परत लावलं. जागेवर. त्या दिवशी दुपारपर्यंत मी ते गाणं अकरा वेळा लावलं. तिसरी टक प्रत्येक वेळी बरोबर मात्रेवर. तबकडीवर आवाज कोरलेला असतो, मंडळी. टेपसारखा तो पुसता येत नाही, त्यावर दुसरा भरता येत नाही. सुई घासून खराब होईल, चांगली होणार नाही. सकाळी जी घाई होती ती दुपारी नव्हती.

माझेच कान मला फसवत असतील, हाही विचार मी केला. म्हणून पंधरा दिवसांनी धोंडूबाबा भोंगे न्यायला आला तेव्हा त्याला बाच्या बोलण्याबद्दल अवाक्षर न सांगता परत ऐकवलं. या खेपेला खांद्यावर पोतं नव्हतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"आज नीट हाय. मागच्या टायमाला तिसऱ्याला माझा पाय अडखळला होता." तो हसला. "सोनूला सांग, म्हातारा झाला तरी सुधारतो हाय."

मी बाला सांगितलं. तो म्हणाला, "ऐकलं म्हनायचं त्यानं." यापलीकडे त्याने त्या विषयावर एक शब्द काढला नाही, आणि मी कितीही खोदलं तरी तो परत त्या खुर्चीत बसला नाही. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत बा गेला. पुढच्या एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि गोदाम छतापर्यंत भरलं. डबे फुगून फुटले. तबकडी चिखलातून काढली तेव्हा पापडासारखी वाकली होती. ती मी अजून ठेवली आहे. वाजत नाही.

आता फसवणुकीवर येतो. माझी मुलगी पुण्याला असते. तिने माझ्या वाढदिवसाला ती शिडीवाली तबकडी नव्या आवृत्तीत आणली. मूळ टेपांवरून नव्याने चहूबाजूंना मांडलेली, असं खोक्यावर छापलेलं. तिच्याकडे पाच स्पीकर आणि वर एक मोठा. मला मधोमध सोफ्यावर बसवलं. एवढ्या वर्षांनी बाला भेटायला निघाल्यासारखा मी नवा शर्ट घालून बसलो होतो.

आवाज स्वच्छ होता. खोटं बोलणार नाही, माझ्या सेटपेक्षा स्वच्छ. गिटार मानेमागून गेली. गाणारा थांबला. पेटी आली. आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात पेटीशिवाय काही नव्हतं.

तीन वेळा लावायला लावलं. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुमच्या जुन्या सुईचा आवाज असेल तो."

"सुईला पोलादपूरचा घाट माहीत होता का?" मी विचारलं.  जेवायला न थांबता मी निघालो, तिचा दोष नसताना. त्याबद्दल तिची माफी मागितली आहे.

नंतर तिच्याकडूनच इंग्रजीत पत्र लिहून घेतलं आणि कंपनीला पाठवलं. उत्तर आलं, नम्र होतं. तुम्ही म्हणता तसं कुठलंही वाद्य या ध्वनिमुद्रणात वापरलेलं नाही, मूळ टेपांवरही नाही, आम्ही पुन्हा तपासलं आहे. खाली सही.

ते पत्र मी जपून ठेवलंय, कारण त्यात ते स्वतःच अडकलेत. तुमच्या माणसांनी वाजवलं नाही, हे तुम्ही लिहून दिलंत. ठीक. मग माझ्या गोदामात, तुमच्या तबकडीत, तुमच्या चौघांबरोबर मांडवाच्या आत बसून ते कोण वाजवत होतं? माझ्या बाने चूक दाखवली तेव्हा ती कुणी ऐकली, आणि कुणी सुधारली? याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. ते शोधायचं काम माझं नाही, माल तुमचा आहे.

नव्या तबकडीच्या खोक्यात छापील पुस्तिका आहे. तिच्यात गाणाऱ्याचं नाव आहे, गिटारवाल्याचं आहे, टेपा धुऊनपुसून ठेवणाऱ्याचं आहे, स्टुडिओत चहा आणून देणाऱ्याचंही आहे. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या माणसाचं नाही. ते कुणी गाळलं, आणि कुणाला विचारून? मला लेखी उत्तर हवं आहे.